दुवा, टीप आणि पूर्वपक्ष : आरंभीच्या वेबवरील एका वाचनव्यवहाराचा इतिहास

१

वर्ल्ड वाइड वेबचा इतिहास बहुधा दोन अंगांनी सांगितला जातो. एक अंग तंत्रज्ञानाचे : संगणकांची जाळी, ब्राउझर, शोधयंत्रे यांच्या क्रमिक विकासाचे. दुसरे अंग भांडवलाचे : कोणती कंपनी केव्हा निघाली, कोणी कोणास विकत घेतले, याचे. या दोन्ही कथनांत वाचक जवळजवळ अनुपस्थित असतो. वास्तविक १९९३ ते २००५ या सुमारे बारा वर्षांच्या काळात वेबवर एक स्वतंत्र वाचनव्यवहार आकारास आला. कोणी काही वाचले. ते इतरांनीही वाचावे असे त्यास वाटले. त्याने त्या मजकुराचा दुवा दिला, सोबत एक-दोन वाक्यांची टीप जोडली, आणि त्या टिपेखाली इतरांनी चर्चा केली. बाह्यतः एवढेच त्याचे स्वरूप होते.

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने हा व्यवहार किरकोळ भासणे स्वाभाविक आहे. तथापि निवड, शिफारस, अन्वयार्थ आणि प्रतिवाद ही समीक्षेची जी मूलभूत कार्ये मानली जातात, ती सारी येथे बीजरूपाने उपस्थित होती, आणि ती पार पाडणारे बहुसंख्य लोक व्यवसायाने समीक्षक नव्हते. त्यामुळे हा इतिहास केवळ एका माध्यमाचा राहत नाही. समीक्षा करणाऱ्यावर मूळ संहितेविषयी कोणती जबाबदारी असते, या जुन्या प्रश्नाची ती एक अर्वाचीन आवृत्ती ठरते.

या व्यवहाराची कल्पना यंत्राआधी झालेली आहे. जुलै १९४५ मध्ये 'द अटलांटिक मंथली' या मासिकात व्हॅनेव्हर बुश यांचा 'अ‍ॅज वुई मे थिंक' हा लेख प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील वैज्ञानिक संशोधनाचे संयोजन बुश यांच्याकडे होते. युद्धोत्तर जगात ज्ञान अफाट वाढेल, पण ते हाती लागण्याचे मार्ग जुनेच राहतील, ही त्यांची चिंता होती. तीवर उपाय म्हणून त्यांनी 'मेमेक्स' हे यंत्र कल्पिले. मायक्रोफिल्मवर साठवलेल्या ग्रंथांपैकी कोणतेही दोन मजकूर वाचकाने परस्परांशी बांधावेत, अशा बांधणीतून एक 'वाट' तयार व्हावी आणि ती जपून ठेवता यावी, अशी ती योजना होती. बुश यांचे उदाहरण सूचक आहे. त्यांचा कल्पित वाचक तुर्की आखूड धनुष्य आणि इंग्रज लांब धनुष्य यांची तुलना करीत एक वाट तयार करतो. काही वर्षांनी एका मित्राशी बोलताना ती त्यास आठवते आणि तो संपूर्ण वाट त्या मित्राच्या हवाली करतो. म्हणजे दुव्याच्या मूळ कल्पनेतच संभाषण आहे, दुसरा वाचक आहे. अशा वाटा पाडणाऱ्यांचा एक नवा व्यवसायच उदयास येईल, असेही बुश यांनी म्हटले होते.

टेड नेल्सन यांनी १९६५ मध्ये 'हायपरटेक्स्ट' हा शब्द रूढ केला. त्यांच्या योजनेत दुवा दुहेरी होता : ज्याकडे निर्देश केला त्या मजकुरासही आपल्याकडे कोण निर्देश करीत आहे हे ज्ञात असावे आणि दोहोंमधील संबंध तुटू नये, असा तिचा आग्रह होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत वेबचा जो प्रस्ताव मांडला, त्यातून साकार झालेला दुवा मात्र एकेरी ठरला. दुवा देण्यास कोणाची अनुमती लागत नाही, ज्याचा दुवा दिला त्यास ते कळतही नाही, आणि मूळ पान हलविले वा नष्ट झाले तर दुवा निकामी होतो. या सैलपणामुळेच वेब इतक्या वेगाने पसरू शकले. परंतु संहिता आणि तिच्यावरील भाष्य यांची गाठ कच्ची राहण्याचे मूळही येथेच आहे. पुढील सर्व इतिहासात या कच्च्या गाठीचा परिणाम दिसून येतो.

२

वेबवरील पहिल्या दुव्यांच्या याद्या संपूर्णतेच्या आकांक्षेतून जन्मल्या. बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या 'व्हर्च्युअल लायब्ररी'त पुढे एकेका विषयाची यादी एकेका स्वयंसेवकाने सांभाळावी अशी व्यवस्था झाली. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या संस्थेने १९९३ मध्ये 'मोझेक' हा ब्राउझर प्रसृत केला आणि त्याच वर्षीच्या जूनपासून 'व्हॉट्स न्यू' या नावाची एक यादी चालविली. वेबवर नव्याने आलेल्या स्थळांची नोंद तीत होत असे. आरंभी अशी यादी जवळजवळ संपूर्ण असू शकत होती, आणि एखादा चिकाटीचा वाचक ती सर्व वाचूही शकत होता. जून १९९६ मध्ये ती बंद पडली. जे मोजता येत नाही त्याची नोंदवही ठेवता येत नाही, हे तोवर स्पष्ट झाले होते.

या कोंडीतून दोन मार्ग निघाले. पहिला वर्गीकरणाचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली सूची पुढे 'याहू' या नावाने प्रसिद्धीस आली. ग्रंथालयाच्या तालिकेप्रमाणे विषय, उपविषय आणि त्यांखाली स्थळे अशी तिची रचना होती. दुसरा मार्ग अभिरुचीचा. जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील स्वार्थमोर महाविद्यालयातील जस्टिन हॉल या विद्यार्थ्याने आपले वैयक्तिक पान उघडले आणि लवकरच त्यास 'लिंक्स फ्रॉम द अंडरग्राउंड' हे नाव दिले. त्या पानावरील दुव्यांना एकत्र बांधणारे सूत्र विषयाचे नव्हते. हॉल यांच्या आवडीनिवडीचे होते. वर्गीकरण करणारा आपण निःपक्ष असल्याचे गृहीत धरतो, तर अभिरुचीने निवडणारा आपला पक्ष उघड करतो. समीक्षेच्या इतिहासात सूचिकार आणि रसिक यांच्यात जो भेद केला जातो, तोच येथे पुन्हा अवतरला.

डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्जर यांनी आपल्या 'रोबोट विस्डम' या स्थळावरील नोंदींसाठी 'वेबलॉग' हा शब्द योजिला. बार्जर हे जेम्स जॉइस यांच्या साहित्याचे निष्ठावंत अभ्यासक होते आणि त्यांच्या स्थळावर जॉइसविषयक विपुल सामग्री होती. दिवसभरात जे वाचनात आले त्यातील वेचक मजकुराचे दुवे, नवा वर आणि जुना खाली अशा क्रमाने देणे, ही त्यांची पद्धत होती. जहाजावरील दैनंदिन नोंदवहीस इंग्रजीत 'लॉग' म्हणतात. वेबलॉग म्हणजे वाचनप्रवासाची अशी नोंदवही होय. १९९९ च्या आरंभी अशा ज्ञात नोंदवह्यांची संख्या अवघी २३ होती, असे रेबेका ब्लड यांनी सप्टेंबर २००० मधील आपल्या निबंधात नमूद केले आहे. त्याच वर्षी पीटर मेरहोल्झ यांनी हा शब्द गमतीने 'वी ब्लॉग' असा फोडला आणि 'ब्लॉग' हे लघुरूप रूढ झाले. ऑगस्ट १९९९ मध्ये 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली. तिने लेखकापुढे एक कोरी चौकट ठेवली. त्या चौकटीत दुवा असलाच पाहिजे असे बंधन नव्हते. त्यामुळे नोंदवहीचा कल वाचलेल्या गोष्टींकडून जगलेल्या गोष्टींकडे, म्हणजे रोजनिशीकडे वळला, हे ब्लड यांचे निरीक्षण मार्मिक आहे. माध्यमाची रचना वाङ्मयप्रकार कसा बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

३

याच दशकात हायपरटेक्स्टविषयी साहित्यसिद्धान्ताच्या क्षेत्रात मोठ्या अपेक्षा व्यक्त होत होत्या. जॉर्ज लँडो यांच्या १९९२ मधील ग्रंथाने रोलां बार्त आणि जाक देरिदा यांच्या प्रतिपादनांशी हायपरटेक्स्टचे नाते जोडले. संहितेचे केंद्र ढळेल, वाचकच अंशतः लेखक होईल, अशी ती मांडणी होती. मायकेल जॉइस यांची 'आफ्टरनून, अ स्टोरी' ही संगणकावर वाचावयाची कथा अशा चर्चांत वारंवार उल्लेखिली जाई. प्रत्यक्षात वाचकाने लेखणी हाती घेतली ती कथेच्या फांद्या निवडताना नव्हे, तर दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली आपले मत नोंदविताना. सिद्धान्ताने ज्याची वाट ललित लेखनात पाहिली, ते साध्या टिपांच्या आणि प्रतिसादांच्या रूपाने अवतरले.

या टिपेचे स्वरूप तपासणे आवश्यक आहे. जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये 'पॅराटेक्स्ट' ही संकल्पना मांडली. शीर्षक, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर, लेखकाच्या मुलाखती अशा संहितेभोवतीच्या घटकांचा, ज्यांच्या उंबऱ्यावरून वाचक संहितेत प्रवेश करतो, तीत समावेश होतो. दुव्यासोबतची टीप असाच उंबरा आहे, परंतु तिच्यावर लेखकाचा वा प्रकाशकाचा कोणताही अधिकार चालत नाही. ती परक्याने बांधलेली असते, आणि मूळ लेखकास बहुधा तिचा पत्ताही नसतो. जेनेत यांच्या चौकटीत न बसणारी ही स्थिती आहे. वाचक संहितेपर्यंत पोचण्यापूर्वी कोणा तिऱ्हाईताने त्याच्या मनात एक दृष्टी पेरलेली असते.

टिपेच्या लेखनात दोन प्रवृत्ती आढळतात. पहिल्या प्रवृत्तीची टीप दुव्यापलीकडे काय आहे, ते कोणी आणि कोणत्या संदर्भात लिहिले आहे, हे सांगते. दुसऱ्या प्रवृत्तीची टीप केवळ कुतूहल चाळवते. एखादा चमकदार शब्दप्रयोग, एखादे उपरोधिक वाक्य, कधी तर नुसता एकच शब्द. ही दुसरी प्रवृत्ती एकेरी दुव्याच्या सोयीतून जन्मली. मूळ मजकूर एका कळीच्या अंतरावर असताना त्याचा सारांश देण्याचे श्रम का घ्यावेत, असा तिचा अध्याहृत युक्तिवाद होता.

४

दुव्यास चर्चेची जोड मिळाली आणि हा व्यवहार सामूहिक झाला. १९९७ मध्ये रॉब मॅल्डा यांनी सुरू केलेल्या 'स्लॅशडॉट' या स्थळावर वाचकांनी सुचविलेल्या दुव्यांतून संपादक निवड करीत आणि वाचक त्यांवर प्रतिक्रिया देत. येथे दुवा दिलेले छोटे स्थळ एकाएकी लोटलेल्या वाचकांच्या भाराने कोलमडून पडे. या घटनेस त्या स्थळाचेच नाव पडले. निर्देश करणे ही निरुपद्रवी कृती नाही, तिचे परिणाम ज्याच्याकडे निर्देश केला त्यास भोगावे लागतात, ही जाणीव येथे प्रथम प्रकर्षाने झाली.

जुलै १९९९ मध्ये मॅट हॉई यांनी 'मेटाफिल्टर' सुरू केले. तेथे संपादकाची पायरी नव्हती. कोणताही सभासद दुवा देऊ शकत असे. तेथील पहिली नोंद स्कॅनरवर मांजरे ठेवून काढलेल्या प्रतिमांच्या एका स्थळाविषयी होती, आणि हे कोणी का करावे याचे निव्वळ आश्चर्य तीत व्यक्त झाले होते. इतक्या क्षुल्लक आरंभातून जे नियम घडत गेले ते मात्र क्षुल्लक नव्हते. स्वतःच्या लेखनाचा दुवा देण्यास मनाई होती. एका सभासदाने एका दिवसात एकच नोंद करावयाची होती. पूर्वी दिलेला दुवा पुन्हा दिल्यास ती नोंद काढून टाकली जाई. प्रतिसाद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने खाली दिसत. मतांच्या बेरजेने कोणाचा प्रतिसाद वर चढत नसे. २००० मध्ये समूहाच्या स्वतःच्या वर्तनाची चर्चा करण्यासाठी 'मेटाटॉक' हा वेगळा विभाग काढण्यात आला. नोव्हेंबर २००४ पासून नव्या सभासदांकडून पाच डॉलर प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. आत्मप्रसिद्धीस प्रतिबंध, निवडीत संयम, पूर्वस्मृतीचा आदर आणि स्वतःच्या रीतींचे परीक्षण ही खरे तर कोणत्याही जबाबदार नियतकालिकाची तत्त्वे आहेत. येथे ती संपादकाविना, वाचकांच्या परस्परव्यवहारातून सिद्ध झाली.

या समूहाची कसोटी मे २००१ मध्ये लागली. रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या एका तरुणीची रोजनिशी वेबवर अनेकांनी तळमळीने वाचली होती. तिच्या निधनाची वार्ता आल्यावर काही सभासदांनी शंका उपस्थित केली. शोकाच्या प्रसंगी अशी शंका घेणे अमानुष आहे, असा रोष त्यांच्यावर ओढवला. तरीही त्यांनी पुरावे तपासले. स्थानिक वृत्तपत्रांत मृत्यूची नोंद सापडेना. छायाचित्रे दुसऱ्याच मुलीची निघाली. ती तरुणी अस्तित्वातच नव्हती. पाठचिकित्सक हस्तलिखिताची अस्सलता ज्या अंतर्गत आणि बाह्य प्रमाणांनी ठरवितो, तीच प्रमाणे येथे सामान्य वाचकांनी वापरली. त्यानंतर चारच महिन्यांनी, ११ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कमधील हल्ल्याची पहिली वार्ता काही मिनिटांत तेथे नोंदविली गेली. मोठ्या वृत्तसंस्थांची स्थळे वाचकांच्या भाराने उघडेनाशी झाली असताना त्या नोंदीखाली प्रत्यक्षदर्शींची, घाबरलेल्यांची, अफवा पसरविणाऱ्यांची आणि त्या खोडणाऱ्यांची वाक्ये एकाखाली एक साठत गेली.

या समूहाचे आदर्शीकरण करण्याचे कारण नाही. तो प्रामुख्याने अमेरिकन, इंग्रजीभाषक आणि सुशिक्षित होता. तेथील पुरुषी शेरेबाजीविरुद्ध २००७ मध्ये स्त्री-सभासदांना प्रदीर्घ वाद घालावा लागला. तेव्हा कोठे नियमनाच्या रीतींत बदल झाला. शिवाय दुवा देण्यासाठी दुव्याच्या पलीकडे वाचण्याजोगे काही असावे लागते, ही अट सर्व भाषांच्या बाबतीत सारखी पुरी होत नव्हती. १९९६ मध्ये 'मायबोली' हे स्थळ सुरू झाले तेव्हा वेबवर मराठी मजकूर अत्यल्प होता, आणि जो होता तो ज्या त्या प्रकाशनाच्या स्वतंत्र फाँटमध्ये अडकलेला होता. तेथे मराठी माणसे दुसऱ्याचे लेखन दाखविण्याऐवजी स्वतः लिहू लागली, ते या परिस्थितीस धरूनच झाले. युनिकोडचा प्रसार झाल्यावर मराठी पान दुसऱ्या मराठी पानाशी सहजपणे सांधता येऊ लागले. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावरील लेखांच्या अखेरीस 'बाह्य दुवे' हे उपशीर्षक आढळते. कड्या सांधणाऱ्या वस्तूचे नाव या कामी मराठीने योजिले. अरबीतून आलेल्या आशीर्वादवाचक 'दुवा' शब्दाशी त्याचा उच्चार जुळतो हा योगायोग आहे. परंतु दुसऱ्याच्या लेखनाचा दुवा देण्यात एक सदिच्छा असते, हे त्या योगायोगाने ध्यानात येते.

५

या व्यवहाराचा ऱ्हास त्याच्या यशातूनच झाला. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेल्या क्रमनिश्चितीच्या पद्धतीत प्रत्येक दुवा हा त्या पानास मिळालेल्या मतासारखा मोजला गेला. मत देणाऱ्या पानाचे वजन जितके अधिक तितके ते मत मोलाचे. म्हणजे माणसांनी विचारपूर्वक केलेले निर्देश हे यंत्राचे कच्चे द्रव्य झाले. २००३ मध्ये आलेल्या 'डिलिशस'ने दुव्याच्या टिपेऐवजी सुट्या खुणशब्दांस प्राधान्य दिले. 'डिग' (२००४) आणि 'रेडिट' (२००५) यांनी दुव्याचे स्थान वाचकांच्या मतगणनेवर सोपविले. फेसबुकने २००९ मध्ये पसंतीची कळ आणली, तेव्हा वाक्य लिहिण्याचे प्रयोजनही उरले नाही. टिपेपासून खुणेकडे आणि खुणेपासून संख्येकडे असा हा प्रवास आहे. वाक्य लिहिणारास त्याच्या वाक्याबद्दल जाब विचारता येतो. संख्येस तो विचारता येत नाही.

यंत्राच्या क्रमवारीवर अवलंबून राहण्याची किंमत जुन्या समूहांनीही मोजली. नोव्हेंबर २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीतील बदलानंतर मेटाफिल्टरकडे येणारा वाचकांचा ओघ एकाएकी आटला, आणि २०१४ मध्ये हॉई यांना कर्मचारी कमी करावे लागले. ज्यांच्या निर्देशांतून यंत्र शहाणे झाले, त्यांनाच यंत्राने अडगळीत टाकले, असे या घटनेचे वर्णन करता येईल.

६

आज या इतिहासाकडे वळणाऱ्या अभ्यासकापुढे एक विलक्षण अडचण उभी राहते. चर्चा शाबूत आहेत, पण ज्यांवर चर्चा झाल्या ते मजकूर पुष्कळ वेळा नाहीत. १९९४ पासून लक्षावधी हौशी लेखकांची पाने सांभाळणारे 'जिओसिटीज' ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने बंद केले. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध राहिली नव्हती. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'इंटरनेट अर्काइव्ह'ने पुष्कळ काही वाचविले, परंतु सर्व नव्हे. ज्या पायावर भाष्याची इमारत उभी राहिली, तो पायाच अनेक ठिकाणी निसटला आहे.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास ही स्थिती अपरिचित नाही. भट्टनायकाचा 'हृदयदर्पण' आज उपलब्ध नाही. भट्टलोल्लट आणि श्रीशंकुक यांची रससूत्रावरील विवरणेही स्वतंत्र रूपात उरलेली नाहीत. तरीही उत्पत्तिवाद, अनुमितिवाद आणि भुक्तिवाद यांची चर्चा मराठी समीक्षेत आजतागायत चालू आहे, ती मुख्यतः अभिनवगुप्ताच्या 'अभिनवभारती' आणि 'लोचन' या टीकांच्या आधारे. अभिनवगुप्ताने या आचार्यांचे खंडन केले. पण खंडनापूर्वी त्यांचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडले. ते मांडताना त्याचा स्वतःचा कल त्यात उतरला नसेलच असे नाही. तथापि पूर्वपक्ष मांडण्याची शिस्त नसती, तर ही नावेही कदाचित उरली नसती. विरोधकाचे मत नोंदविण्याची ती रीत केवळ सौजन्याची नव्हती. नश्वर पोथ्यांच्या जगात ती ज्ञानरक्षणाची व्यवस्था होती.

एकेरी दुव्याने नेमकी हीच शिस्त अनावश्यक भासविली. मूळ मजकूर समोरच आहे, मग तो पुन्हा सांगावयाचा कशास, अशी धारणा रुजली. आणि तो मजकूर कधी नाहीसा होईल हे फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. परिणामी आज जुन्या नोंदी चाळताना दोन प्रवृत्तींच्या टिपांतील भेद निर्णायक ठरतो. ज्या टिपेने दुव्यापलीकडील मजकुराचा कर्ता, विषय आणि युक्तिवाद थोडक्यात सांगितला, तिच्याखालील चर्चा मूळ पान नष्ट झाल्यावरही समजते, आणि त्या हरवलेल्या पानाचाही काही अंश तीत टिकून राहतो. जी टीप केवळ चमकदार होती, तिच्याखालील शेकडो प्रतिसाद आज कशाविषयी आहेत हे कळेनासे झाले आहे. लोक हसले होते, रागावले होते, एकमेकांस खोडून काढीत होते, एवढेच त्यांतून कळते.

वेबवरील या आरंभीच्या वाचकांनी निवडीचा विवेक कमावला, संपादकाविना संपादनाची तत्त्वे घडविली, आणि अस्सल-नक्कल पारखण्याची पद्धतही आत्मसात केली. त्यांच्याकडून निसटली ती एकच गोष्ट : दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून ठेवण्याचे श्रम. छापील समीक्षेसही हा प्रश्न टाळता येत नाही. दुष्प्राप्य झालेल्या ग्रंथांवरील, बंद पडलेल्या नियतकालिकांतील लेखांवरील किती परीक्षणे आज मूळ मजकुराविना समजू शकतात, हे तपासून पाहण्यासारखे आहे. दुवा वाचकास दारापर्यंत नेतो. आत काय होते ते टीपच सांगू शकते, आणि दार नाहीसे झाल्यावर भावी वाचकाच्या हाती तेवढेच उरते.